फादर थॉमस स्टीफन्स : पुराणकर्त्याचे जीवन आणि त्यांच्या ग्रंथाचा प्रवास

मराठी भाषेचा गौरव करणारे साहित्यिक म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव महाराष्ट्रात आणि गोव्यात आदराने घेतले जाते. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि संमेलनांतून अनेकांच्या कानांवर पडलेल्या असतात. परंतु त्या ओव्या रचणारा माणूस कोण होता, कोणत्या परिस्थितीतून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्याचा ग्रंथ आपल्या हाती कसा पोहोचला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या ग्रंथाच्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, तो ग्रंथ आपण वाचू शकतो, हीच मुळी नवलाची गोष्ट आहे. म्हणून या लेखात आम्ही फादर स्टीफन्स यांच्या जीवनाबरोबरच त्यांच्या लेखनाचे जतन करणाऱ्या ग्रंथालयांची, दप्तरखान्यांची आणि अनामिक नकलकारांची कथाही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

छळाच्या काळातील तारुण्य

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या वडिलांचे नावही थॉमस असेच होते. ते व्यापारी होते. स्टीफन्स यांचे बालपण आणि तारुण्य इंग्लंडच्या धार्मिक उलथापालथीत गेले. १५५८ साली पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने राजसत्ता ही इंग्लंडच्या चर्चची सर्वोच्च अधिकारी ठरली. कॅथलिक मिस्सा बेकायदा झाली. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी राणीला बहिष्कृत केल्यानंतर तर कॅथलिक असणे आणि देशद्रोही असणे यांत फरक उरला नाही.

या काळात तरुण स्टीफन्स यांची गाठ थॉमस पाऊंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी पडली. पाऊंड राजदरबारातील वैभव सोडून श्रद्धेच्या मार्गाकडे वळले होते. उघडपणे एकत्र वावरणे धोक्याचे असल्यामुळे स्टीफन्स यांनी पाऊंड यांच्या नोकराचे सोंग घेतले आणि दोघे गुप्तपणे कॅथलिक बांधवांना धीर देत फिरू लागले. रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा, असा दोघांचा निश्चय होता. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले. पुढे त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स यांना एकट्यानेच समुद्र ओलांडावा लागला.

रोममध्ये २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि रोमन कॉलेजात शिक्षण घेतले. तुरुंगातील मित्राला मात्र ते विसरले नाहीत. १५७८ साली त्यांनी संघाच्या श्रेष्ठींकडे पाऊंड यांच्यासाठी लेखी अर्ज केला. त्या अर्जात मित्राच्या जीवनाची सविस्तर हकीकत होती. ती वाचून श्रेष्ठींनी तुरुंगात असलेल्या पाऊंड यांना संघाचे सदस्य म्हणून स्वीकारले. स्टीफन्स यांच्या लेखणीचे हे पहिले मोठे कार्य म्हणावे लागेल. आपल्या शब्दाने एका बंदिवान माणसाच्या पदरात त्याच्या जीवनाचे ईप्सित पडले, हा अनुभव त्यांना पुढे कधी विसरता आला नसेल, असे आम्हांस वाटते.

सहा महिन्यांचा सागरप्रवास

४ एप्रिल १५७९ रोजी फादर स्टीफन्स लिस्बनहून पोर्तुगीज जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. गोव्यात पोहोचल्यावर १० नोव्हेंबर रोजी त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. पश्चिम-पूर्व दिशेने जहाज हाकताना नक्षत्रांचा निश्चित आधार कसा मिळत नाही, केप ऑफ गुड होपजवळचा समुद्र किती भयानक असतो, किनारा दिसण्याआधी कोणते पक्षी दिसू लागतात, याचे वर्णन त्यांनी त्यात केले. ताज्या अन्नपाण्याअभावी हिरड्या सुजून येणाऱ्या रोगाने जहाजावरील सुमारे १५० माणसे आजारी पडली आणि २७ जण दगावले, हेही त्यांनी नोंदविले.

हे पत्र वडिलांपुरते राहिले नाही. प्रवासवृत्तांचे संग्राहक रिचर्ड हॅकल्यूट यांनी ते आपल्या प्रसिद्ध संग्रहात छापले. त्यामुळे इंग्लंडमधील दर्यावर्दी आणि व्यापारी यांच्या हाती भारताच्या सागरी मार्गाची प्रत्यक्षदर्शी माहिती आली. येथे एक विलक्षण विरोधाभास आहे. ज्या देशात फादर स्टीफन्स यांना पाय ठेवणे जिवावर बेतले असते, त्या देशात त्यांचे पत्र मोठ्या आवडीने वाचले जात होते.

१५८३ साली राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि त्यांचे सोबती यांना पोर्तुगिजांनी होर्मूझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले, तेव्हाही फादर स्टीफन्स त्यांच्या मदतीस धावले. ते व्यापारी धर्ममताने त्यांच्याहून वेगळे होते आणि ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले तिचेच प्रजाजन होते. तरीही जामिनावर त्यांची सुटका होण्यासाठी त्यांनी खटपट केली. पाऊंड यांच्या कोठडीची आठवण असलेल्या माणसाला दुसऱ्याचा कारावास परका वाटला नसावा.

साष्टीची भूमी

गोव्यात आल्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे फादर स्टीफन्स यांनी मुख्यतः साष्टी तालुक्यात व्यतीत केली. काही वर्षे ते तेथील येशूसंघीय कॉलेजचे रेक्टरही होते. साष्टीची त्या वेळची परिस्थिती शांत नव्हती. पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील देवळे मोडली होती. लोकांच्या मनात खोल संताप होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अॅक्वाव्हिव्हा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणा येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. ख्रिस्तसभा त्या पाच जणांचा हुतात्मे म्हणून गौरव करते. कुंकळ्ळीचे लोक आपल्या गावकरांची आठवण ठेवतात. इतिहासाकडे प्रामाणिकपणे पाहणाऱ्याला या दोन्ही स्मृती डोळ्यांआड करता येणार नाहीत.

अशा भूमीत फादर स्टीफन्स यांना काम करायचे होते. तलवारीच्या आणि हुकमाच्या जोरावर माणसांची नावे बदलता येतात, परंतु त्यांच्या अंतःकरणाशी बोलायचे तर त्यांच्या भाषेतच बोलावे लागते, ही गोष्ट त्यांनी ओळखली. त्यांनी लोकांची कोंकणी आत्मसात केली आणि त्याचबरोबर कीर्तन-पुराणांची भाषा असलेल्या मराठीचाही सखोल अभ्यास केला.

२४ ऑक्टोबर १५८३ रोजी, म्हणजे गोव्यात आल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास लॅटिनमध्ये पत्र लिहिले. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदविले आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे सुप्रसिद्ध व्याख्यान दिले ते १७८६ साली. फादर स्टीफन्स यांना हे साम्य त्यापूर्वी दोनशे वर्षे जाणवले होते. परंतु ते पत्र भावाच्या कागदपत्रांतच राहिले. विसाव्या शतकात ते छापले जाईपर्यंत भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना त्याचा उपयोग झाला नाही. आज ते बेल्जियममधील ब्रसेल्स येथील रॉयल लायब्ररीत जपलेले आहे. विद्वत्तेचा उजेड पडायचा तर कागद टिकला पाहिजे आणि टिकलेला कागद कुणीतरी उघडून वाचलाही पाहिजे, हा धडा या एका पत्रावरून मिळतो.

हिरावलेले ग्रंथ आणि नवे पुराण

'ख्रिस्तपुराण' का लिहिले गेले, हे समजून घ्यावयाचे तर त्याआधी काय घडले होते ते पाहावे लागते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात स्थानिक धर्मग्रंथ जप्त करण्याचे आणि नष्ट करण्याचे सत्र चालू होते. घरोघरच्या पोथ्या काढून घेतल्या जात. काही पोथ्या मिशनऱ्यांनी अभ्यासासाठी ठेवून घेतल्या आणि त्यांतील मजकूर रोमन लिपीत उतरवून घेतला. अशा काही हस्तलिखितांच्या बाडांत रामायण-महाभारतातील कथा कोंकणी आणि मराठी भाषांत आहेत. ती बाडे आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आहेत आणि ते ग्रंथालय मिन्यो विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आहे. ज्या पोथ्या आपल्या जागी टिकल्या नाहीत, त्यांच्या नकला परक्या देशात टिकल्या. जुन्या कोंकणी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांना आज त्या बाडांकडेच वळावे लागते.

पोथ्या गेल्या, पण पोथी ऐकण्याची भूक गेली नाही. जे ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या घरात आता संध्याकाळी वाचायला काही उरले नव्हते. फादर स्टीफन्स यांनी पुराणाच्या आरंभी हाच प्रसंग योजिला आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एक ब्राह्मण तेथे येतो आणि पूर्वीच्या पुराणांच्या जागी आम्हांला वाचावयास काही द्यावे, अशी विनंती पाद्रीबाबांना करतो. या विनंतीमधून सारे पुराण उलगडत जाते. लोकांना श्रद्धा दिली, परंतु ग्रंथ दिला नाही, तर ती श्रद्धा पोरकी राहील, ही जाणीव त्या प्रसंगामागे आहे. आमच्या मते फादर स्टीफन्स यांच्या मोठेपणाचे मर्म येथेच आहे. झालेली हानी त्यांना भरून काढता येणार नव्हती. ते स्वतः त्या व्यवस्थेचाच भाग होते. परंतु लोकांची तक्रार त्यांनी ऐकली आणि तिला उत्तर म्हणून आयुष्यातील अनेक वर्षे खर्ची घातली.

या ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' जुन्या करारावर आधारलेले असून त्यात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते. 'दुसरे पुराण' प्रभू येशू ख्रिस्ताचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांचे आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आहेत. दुसऱ्यात ५९ अवस्वर आहेत. एकूण ओव्यांची संख्या १०,९६२ भरते. ग्रंथासाठी त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतला ओवी छंद निवडला. संत एकनाथ १५९९ साली निवर्तले, म्हणजे काही काळ ते आणि फादर स्टीफन्स समकालीनच होते.

भाषेची निवड त्यांनी विचारपूर्वक केली. शुद्ध मराठी सामान्य साष्टीकराला अवघड जाईल, म्हणून त्यांनी मराठीत कोंकणी शब्द मिसळले. वैकुंठ, मुक्ती, कृपा, पुण्य असे श्रोत्यांच्या ओळखीचे शब्द त्यांनी ख्रिस्ती अर्थाने वापरले. त्यासाठी त्या शब्दांच्या मुळाशी जाऊन त्यांचे वजन त्यांनी पारखून घेतले होते. रत्नांमध्ये, फुलांमध्ये आणि सुगंधांमध्ये जे श्रेष्ठ त्याची उपमा मराठीला देणाऱ्या ओव्या याच अभ्यासातून उमलल्या. पाहुण्याने यजमानाची मर्जी राखावी म्हणून केलेली ती स्तुती नव्हती. भाषेत घर करून राहिलेल्या माणसाची ती कृतज्ञता होती.

लिपीचा प्रश्न

गोव्यात छापखाना आला तो ६ सप्टेंबर १५५६ रोजी. भारतातील तो पहिला छापखाना. परंतु त्यावर खिळे होते ते रोमन लिपीचे. फादर स्टीफन्स यांची मनापासून इच्छा होती की, येथील लोकांच्या भाषेतील पुस्तके येथील लोकांच्याच लिपीत छापली जावीत. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला येशूसंघाचे प्रमुख क्लॉदियो अॅक्वाव्हिव्हा यांना लिहिलेल्या पत्रात ही इच्छा व्यक्त केली आहे. मलबारमध्ये तेथील लिपीत पुस्तके छापली गेली आणि त्याचा ख्रिस्ती लोकांना फार लाभ झाला, हा दाखला त्यांनी दिला. अडचण होती ती खिळ्यांच्या संख्येची. येथील लिपीत अक्षरे व्यंजन-स्वरांच्या जोडणीने बनत असल्यामुळे सुमारे ६०० साचे लागतील असे समजले जाई. फादर स्टीफन्स यांनी ही संख्या २०० पर्यंत खाली आणता येईल असे सुचविले होते.

वयाची साठी गाठत आलेला धर्मगुरू खिळ्यांच्या साच्यांचा हिशेब मांडून साता समुद्रापलीकडे पत्र पाठवितो, हे चित्र आमच्या मनाला भिडते. वाचकाला आपल्या अक्षरांत वाचायला मिळावे, ही त्यांची तळमळ होती. परंतु ती इच्छा पुरी झाली नाही. १६१६ साली रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीतच. तेव्हा मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी रोमन अक्षरे दुहेरी लिहिण्याची युक्ती वापरण्यात आली. त्यामुळे ट आणि त, ण आणि न यांतील भेद छापील पानावर टिकून राहिला. लिपी परकी असली तरी उच्चार आपला राहावा, एवढी काळजी घेण्यात आली.

१६१९ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याच्या भूमीतच देह ठेवला. त्या वेळी ते सुमारे सत्तर वर्षांचे होते. इंग्लंडला ते पुन्हा कधीच गेले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १६२२ साली त्यांची कोंकणीतील 'दौत्रिना क्रिस्तां' ही धर्मशिक्षणाची पुस्तिका रायतूर येथे छापली गेली. १६४० साली त्यांचे कोंकणीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. फादर दियोगु रिबैरू यांनी त्यात भर घातली होती. भारतीय भाषेच्या आरंभीच्या छापील व्याकरणांत त्याला अग्रस्थान दिले जाते. 'ख्रिस्तपुराणा'च्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ साली निघाल्या. त्यांचाच कित्ता गिरवून फ्रेंच येशूसंघीय फादर एत्येन द ला क्रुआ यांनी संत पीटर यांच्या जीवनावरील ओवीबद्ध पुराण रचले. त्याची छपाई १६२९ साली सुरू झाली.

नकलकारांची परंपरा

यानंतर काळ पालटला. ज्या राजवटीच्या आश्रयाने ही पुस्तके छापली गेली, त्याच राजवटीने १६८४ साली फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. गोव्यातील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावली, ती १८२१ साली पुन्हा सुरू झाली. 'ख्रिस्तपुराणा'च्या छापील प्रती वापरून, वाळवी लागून, ओल लागून एकेक करून नाहीशा झाल्या. १६१६, १६४९ आणि १६५४ यांपैकी कोणत्याही आवृत्तीची एकही प्रत आज कुठल्या ग्रंथालयात असल्याचे ज्ञात नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? तो साध्या माणसांनी वाचविला. ज्यांची नावे इतिहासाला माहीत नाहीत, अशा भाविकांनी छापील प्रती समोर ठेवून हाताने नकला केल्या. त्या नकलांवरून पुन्हा नकला झाल्या. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या सामानसुमानाबरोबर ही बाडेही नेली. उपवासकाळात आणि इतर प्रसंगी त्या ओव्या घराघरांत गायिल्या जात. १७८४ नंतर टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, त्या हालअपेष्टांच्या वर्षांत याच ओव्यांनी अनेकांची श्रद्धा तगविली, असे तेथील परंपरा सांगते.

छापलेला ग्रंथ हस्तलिखितातून टिकावा, हे सर्वसाधारण क्रमाच्या अगदी उलट आहे. छपाई आली की हस्तलिखिताची गरज संपते, असे आपण मानतो. येथे मात्र छापखान्याने हात टेकले आणि बोरूने ग्रंथ तारला.

१९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी अशी अनेक हस्तलिखिते मिळवून, ती परस्परांशी ताडून पाहून, रोमन लिपीत 'ख्रिस्तपुराणा'ची आवृत्ती सिद्ध केली. प्रस्तावनेत त्यांनी फादर स्टीफन्स यांचे चरित्रही दिले. जुन्या ग्रंथसूचींत ग्रंथकर्त्याच्या नावाचा मोठा घोळ झालेला होता. पोर्तुगीज लेखक त्यांना इश्तेव्हांव म्हणत, तर काही ठिकाणी बुश्टन हे जन्मगावाचे नावच त्यांचे आडनाव होऊन बसले होते. असे धागे उकलीत अभ्यासकांनी एका माणसाचे जीवन पुन्हा उभे केले.

लंडनमधील शोध

यापुढचा टप्पा विद्यापीठाच्या ग्रंथालयात घडला. विल्यम मार्सडन हे इंग्रज प्राच्यविद्या-पंडित होते. सुमात्राचा इतिहास आणि मलाय भाषेचा कोश यांमुळे त्यांचे नाव झाले. त्यांच्या संग्रहात गोव्याकडून आलेली पुष्कळ बाडे होती. १८३५ साली त्यांनी आपला ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. पुढे तो संग्रह लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेकडे गेला. आज ती संस्था सोआस या नावाने ओळखली जाते.

अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट हे मराठी संतवाङ्मयाचे जाणते अभ्यासक होते. संतांच्या चरित्रांचे आणि काव्याचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध आहेत. मार्सडन संग्रहात त्यांना 'ख्रिस्तपुराणा'चे देवनागरी लिपीतील हस्तलिखित आढळले आणि त्यांनी १९२० च्या दशकात ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. शंभराहून अधिक वर्षे ते बाड युरोपात होते, परंतु त्यात काय आहे हे ओळखणारा वाचक त्याला भेटला नव्हता. एक प्रॉटेस्टंट मिशनरी मराठी शिकला म्हणून एका कॅथलिक धर्मगुरूचा ग्रंथ देवनागरी रूपात जगाला दिसला. ज्ञानाच्या क्षेत्रात पंथांच्या भिंती किती ठेंगण्या असतात, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

हे हस्तलिखित मूळ संहितेचे आहे, असे अॅबट यांचे मत होते. पुढील अभ्यासकांत यावर एकमत नाही. रोमन प्रतींत येणाऱ्या अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी या देवनागरी प्रतीत संस्कृत शब्द दिसतात. त्यामुळे रोमन संहितेवरून कुणीतरी मागाहून हा देवनागरी पाठ तयार केला असावा, असे काहींना वाटते. वाद कोणत्याही बाजूने मिटो, लोकांच्या लिपीत ग्रंथ पाहण्याचे फादर स्टीफन्स यांचे स्वप्न कुणा अज्ञात हाताने खरे केले होते, एवढे त्या बाडाने निश्चित दाखवून दिले आहे.

त्यानंतर मराठी वाचकांसाठी वाट मोकळी झाली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ साली येशूसंघीय फादर कारिदाद द्राग यांची आवृत्ती मुंबईहून प्रसिद्ध झाली. तिच्यात ओव्यांबरोबर आजच्या मराठीतील गद्य अनुवाद आहे. त्यामुळे जुन्या भाषेची सवय नसलेल्या वाचकालाही ग्रंथात प्रवेश मिळाला. सलेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फाल्काव यांनी या ग्रंथाचा धर्मशास्त्रीय अभ्यास केला आणि त्याचा इंग्रजी अनुवादही सिद्ध केला. कोंकणी पुस्तिकेची १६२२ ची प्रत लिस्बन येथे टिकून असल्यामुळे मारियानु सालढाणा यांना १९४५ साली तिची जशीच्या तशी प्रतिकृती छापता आली. व्याकरणाचे पुनर्मुद्रण कुन्य रिव्हारा यांनी १८५७ मध्येच केले होते. गोव्यात कोंकणीच्या संशोधनासाठी येशूसंघाने स्थापन केलेल्या केंद्राला थॉमस स्टीफन्स यांचेच नाव देण्यात आले आहे.

आमच्यापुढील कर्तव्य

फादर स्टीफन्स यांच्या जीवनाकडे पाहताना एक गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा जाणवते. त्यांच्याविषयी आज आपण जे काही जाणतो, ते रोम, ब्रसेल्स, लिस्बन, लंडन, पणजी आणि मंगळूर अशा दूरदूरच्या ठिकाणी जपलेल्या कागदांवरून. १६०८ चे पत्र येशूसंघाच्या रोममधील दप्तरात राहिले नसते, तर त्यांची देवनागरी छपाईची तळमळ आपल्याला कळली नसती. मंगळूरच्या घरातील जुने बाड कुणी रद्दी म्हणून चुलीत घातले असते, तर एखादा पाठ कायमचा हरपला असता. किती बाडे तशी गेलीही असतील.

ही गोष्ट केवळ सतराव्या शतकापुरती नाही. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या, आजोबा-आजींनी हाताने उतरवून घेतलेल्या भक्तिगीतांच्या वह्या, लग्नातील गाणी, जुनी प्रार्थनापुस्तके, सणांच्या छापील पत्रिका, गावकीची कागदपत्रे यांचे आपण काय करतो? घराचे नवे बांधकाम निघाले की पहिली गदा येते ती पेटीतल्या जुन्या कागदांवर. वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. मार्सडन संग्रहातील बाड लंडनमध्ये कित्येक वर्षे कुणालाच वाचता येत नव्हते, पण ते कुणी फेकून दिले नाही. म्हणूनच ते वाचणारा पुढे आला तेव्हा त्याच्या हाती लागले.

यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. जुन्या वह्या कोरड्या जागी ठेवाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, त्या कुणाच्या व कोणत्या गावच्या याची नोंद करावी आणि शक्य असेल तेथे त्या धर्मग्रामाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात. आमच्या तरुण-तरुणींपैकी काहींनी जुनी मराठी वाचण्याचा, मोडी लिपी शिकण्याचा, संशोधनाचा मार्ग धरावा. ग्रंथालयात बसून एखाद्या जीर्ण पानाशी झुंजणे हीदेखील समाजाची सेवाच आहे.

आणि त्याही आधी आपण वाचले पाहिजे. फादर स्टीफन्स यांचे नाव घेणारे पुष्कळ आहेत, 'ख्रिस्तपुराण' उघडून बसणारे थोडे आहेत. दररोज एक अवस्वर वाचला, तर ९५ दिवसांत सारा ग्रंथ वाचून होतो. कुटुंबात एकाने ओव्या म्हणाव्यात, इतरांनी ऐकाव्यात आणि द्राग यांच्या गद्याच्या आधारे अर्थ समजून घ्यावा. हा ग्रंथ ऐकण्यासाठीच रचलेला आहे. परदेशातून आलेल्या एका माणसाने चाळीस वर्षे खपून आपली भाषा शिकून घेतली, तिच्यासाठी खिळे घडवायची विनंती केली आणि ती पुरी न होताच डोळे मिटले. निनावी नकलकारांनी त्याचे शब्द रात्री जागून उतरवून ठेवले. ते शब्द आज आपल्याच लिपीत, आपल्या हाताशी आले आहेत. ते घरात मोठ्याने वाचले जावेत, हीच फादर थॉमस स्टीफन्स यांना खरी आदरांजली ठरेल.